भविष्यवादी की संदेष्टा? 'नबी' या शब्दामागची पार्श्वभूमी

संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होमविधीनंतर भाकणुकीला उभं राहिलेल्या सोलापूरकराला भविष्य म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढ्यात ज्वारी, गहू, हरभरा अशी धान्यं मांडतात. वासरू कशाला तोंड लावतं, बिथरतं का, मूत्र विसर्जन करतं का, यावरून पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगितले जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. या गावात 'भविष्यवादी' शब्द उच्चारला की मनात हेच उभं राहतं. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांत नबी म्हणजे देवाचा निरोप पोचवणारा. मराठी बायबलात त्याच्यासाठी बराच काळ हाच शब्द चालला, आणि त्याने मोठी गफलत केली.

मूळ हिब्रू शब्द 'नवी', अरबीत तोच 'नबी'. हिब्रू बायबलातच या शब्दाचा अर्थ सरकताना दिसतो. पुढे इस्राएलचा राजा झालेल्या शौलाच्या बापाची गाढवं हरवतात. शोधून दमल्यावर गडी म्हणतो, या गावात देवमाणूस आहे, त्यालाच विचारू. नेऊन द्यायला काय आहे? गड्याजवळ पाव शेकेल चांदी निघते. आपल्याकडचा शेतकरी हरवलेल्या बैलासाठी जाणत्याकडे नारळ घेऊन जातो, अगदी तसंच. पण त्याच ठिकाणी लिहिणाऱ्याने मध्येच एक ओळ घातली आहे: आज ज्याला नवी म्हणतात, त्याला पूर्वी द्रष्टा म्हणत. म्हणजे हरवलेली गाढवं सांगणारा द्रष्टा मागे पडला होता आणि त्याची जागा नवीने घेतली होती.

नवी म्हणजे नक्की कोण, याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मोशेच्या कथेत आहे. मोशेला नीट बोलता येत नाही, तेव्हा देव सांगतो की तुझा भाऊ अहरोन तुझा नवी होईल. अहरोन मिसरच्या राजाच्या, फारोच्या, दरबारात कसलंही भविष्य वर्तवायला जात नाही, भावाचं बोलणं पोचवायला जातो. नवी म्हणजे दुसऱ्याचं तोंड. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये गेले, तेव्हा त्या भाषांतरकारांपुढेही हाच पेच होता. शकुन सांगणाऱ्याला ग्रीकमध्ये 'मांतिस' म्हणत. तो शब्द त्यांनी नवीसाठी घेतला नाही. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, या अर्थाचा 'प्रोफेतेस' घेतला.

मराठीत हीच निवड उलटी पडली. त्याला कारण होतं. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांच्या वादपद्धतीत दोन पुरावे हुकमी मानले जात: चमत्कार आणि खरी ठरलेली भाकितं. १८३०-३१ मध्ये मुंबईत शास्त्रीमंडळींशी जाहीर वाद झाले, ते याच काळातले. येशूचा जन्म, त्याचं दुःख, त्याचा मृत्यू हे सगळं शेकडो वर्षं आधी सांगितलेलं होतं, हा युक्तिवादाचा कणा असेल तर सांगणारा 'भविष्यवादी'च ठरणार. नव्या करारात, म्हणजे बायबलाच्या ख्रिस्ती भागात, मत्तय पानोपानी म्हणतो की अमुक घडलं ते वचन पूर्ण व्हावं म्हणून. त्यामुळे हा शब्द निव्वळ अज्ञानातून आला असं म्हणणं अन्यायाचं होईल. अमेरिकन मिशनऱ्यांचं काम पुढे नगरकडून सोलापुरात आलं, ते हीच शब्दसंपत्ती घेऊन.

तरीही मला तो शब्द चुकीचाच वाटतो. हिब्रू बायबलातला आमोस बघा. तो स्वतःच म्हणतो, मी नवी नाही, नवीचा मुलगाही नाही, मी गुराखी, उंबराची निगा राखणारा. आणि बोलतो कशावर? चपलांच्या एका जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर, खोट्या तराजूवर. याला भविष्य म्हणायचं कसं? नव्या करारात पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो तेव्हाही संदेश देण्याच्या या दानाचं काम सांगतो ते माणसांची उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन.

योना नावाच्या नवीची गोष्ट तर या शब्दाला टिकूच देत नाही. चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल, असं तो ओरडून सांगतो. राजा राखेत बसतो, लोक गोणपाट नेसतात, गुराढोरांचासुद्धा चारापाणी बंद होतो. शहर वाचतं. भाकीत म्हणून हे सपशेल खोटं ठरलं, निरोप म्हणून मात्र पोचलं. ज्यू लोक योम किप्पुरच्या दुपारी हे पुस्तक वाचतात. कुराणातही हाच योना यूनुस या नावाने आहे, त्यांच्या नावाची सूरा, म्हणजे अध्याय, आहे, आणि त्यांच्या लोकांनी ईमान आणल्यावर शिक्षा टळल्याचं त्यात सांगितलं आहे. निनवेच्या जागी असलेल्या मोसुलमधली नबी यूनुस मशीद जुलै २०१४ मध्ये स्फोटांनी उडवली गेली.

आजच्या मराठी बायबलात 'संदेष्टा' आहे. फारसीतून आलेल्या 'पैगंबर'चा अर्थही तोच, पैगाम नेणारा. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की तिन्ही धर्म एकच बोलत आहेत असं वाटू लागतं. तसं नाही. ज्यू परंपरेत ४८ नवी आणि ७ स्त्री नवी मोजतात. हाग्गय, जखऱ्या, मलाखी यांच्यानंतर ते दार बंद झालं असं ज्यूंचा ग्रंथ तालमूद सांगतो. कुराणात २५ नबींची नावं येतात, परंपरेत संख्या एक लाख चोवीस हजार सांगतात आणि मुहम्मद पैगंबर हे शेवटचे, नबींवरची मोहर. ख्रिस्ती मंडळीत हे दान पुढेही चालू राहिलं, पण येशूला निव्वळ संदेष्टा म्हणणं तिथे अपुरं. इस्लाममध्ये ईसा, म्हणजे येशू, हे नबीही आहेत आणि रसूलही, म्हणजे देवाने पाठवलेले. दाऊद इस्लामला नबी, हिब्रू बायबलाच्या कथेत मुख्यतः राजा. दानीएलाचं पुस्तक ख्रिस्ती बायबलात संदेष्ट्यांमध्ये असतं, ज्यू बायबलात ते इतर लेखनांच्या विभागात जातं. ज्यात पुढच्या काळाचे दृष्टांत सर्वांत जास्त, नेमकं तेच पुस्तक ज्यूंनी नवींच्या विभागाबाहेर ठेवलं आहे.

दुसरी गाठ 'प्रेषित' या शब्दाची. मराठीतलं इस्लामी लेखन 'रसूल'साठी प्रेषित वापरतं. मराठी ख्रिस्ती वाचकाला प्रेषित म्हणजे पेत्र आणि पौल, येशूने पाठवलेले. धात्वर्थाने दोन्ही बरोबर, दोन्हीकडे अर्थ 'पाठवलेला' असाच. पण येशूच्या शिष्यांना कुराण 'हवारी' म्हणतं, रसूल नाही. त्यामुळे एकाच गल्लीतले दोन शेजारी 'प्रेषित' म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या पायऱ्यांबद्दल बोलत असतात.

सोलापुरात तर भाषाही एक नाही. पूर्व भागातला तेलुगू ख्रिस्ती 'प्रवक्ता' म्हणतो, जो मूळ अर्थाच्या फार जवळ जातो, पण मराठी कानाला पक्षाचा प्रवक्ता वाटतो. कन्नडमध्ये 'प्रवादी', आणि मराठीत 'प्रवाद' म्हणजे लोकांत उठलेली वदंता. मराठीच बोलणारे कोकणातले बेने इस्राएल ज्यू मात्र एका नावापुरते तरी भाषांतराच्या या फेऱ्यात पडले नाहीत. मलिद्याच्या ताटापुढे बसून ते एलीया या नवीचं स्मरण करतात ते 'एलियाहू हनाबी' याच नावाने.