चौथाई आणि सरदेशमुखी: फरक टक्क्यांत शोधू नका

चौथाई 25 टक्के, सरदेशमुखी 10 टक्के, हे शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. घोटाळा होतो तो पुढच्या वाक्यात: "म्हणजे मराठे मोगली मुलखातून 35 टक्के खंडणी घेत." दोन वेगळे हक्क असे एका पोत्यात भरले की मराठी सत्ता पसरली कशी, हेच कळेनासं होतं. शिवाय खंडणी त्या त्या वेळी ठरवून उकळायची रक्कम. हे दोन्ही हक्क दर वर्षीच्या वसुलातले ठरलेले हिस्से. तो शब्द इथे वापरूच नये.

सरदेशमुखी हे वतन. परगण्याच्या देशमुखाने वसुलाला हातभार लावायचा, बंदोबस्त राखायचा आणि त्याबद्दल वसुलातला हक्क घ्यायचा. दख्खनच्या साऱ्या देशमुखांवरचे सरदेशमुख आपण, असा छत्रपतींचा दावा. वतन बापाकडून मुलाकडे जातं. म्हणूनच 1719 मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या सनदा मिळाल्या, तेव्हा सरदेशमुखीवर वंशपरंपरागत हक्काचा रिवाजी नजराणा लागला: वर्षाच्या उत्पन्नाच्या 651 टक्के. मुलूख उजाड झाल्यामुळे तो सुमारे 1 कोटी 17 लाखांवर आणला, पण आकारणी झाली ती वतनाच्या रिवाजाने.

चौथाईमागे असं वतन नाही. दमणच्या पोर्तुगीज मुलखातून रामनगरचा कोळी राजा चौथ घेत असे. 1672 मध्ये रामनगर जिंकल्यावर शिवाजी महाराजांनी तीच मागणी पुढे चालवली. 1719 च्या सनदेत चौथाईच्या बदल्यात 15,000 स्वार दख्खनच्या सुभेदाराच्या मदतीला ठेवायची अट होती. थोडक्यात, सरदेशमुखी वारशाने मागायची, चौथाई फौजेच्या बळावर.

आता खरी मेख: पैसा जातो कुणाकडे? पेशवे बाळाजी विश्वनाथांनी घातलेली वाटणी 100 रुपये वसुलावर मांडून पाहा. सरदेशमुखीचे 10 रुपये सगळे छत्रपतींचे. चौथाईच्या 25 रुपयांतला चौथा हिस्सा, 6 रुपये 25 पैसे, ही 'बाबती', तीही छत्रपतींची. उरलेला 'मोकासा'. त्यातून चौथाईच्या 6 टक्के 'सहोत्रा' पंतसचिवांना (अष्टप्रधानांतले एक मंत्री), म्हणजे दीड रुपया. 3 टक्के 'नाडगौडा' छत्रपती देतील त्याला, म्हणजे 75 पैसे. राहिलेले 16 रुपये 50 पैसे हा 'ऐन मोकासा', फौज बाळगणाऱ्या सरदारांचा.

म्हणजे नावाने अडीचपट मोठी असलेली चौथाई राजाच्या हाती सरदेशमुखीपेक्षा कमी पैसा देते. तिचा मोठा वाटा सरदाराकडे जातो, आणि नवा मुलूख गाठला की सरदाराचं उत्पन्न वाढतं. मराठी फौजा दूर दूर का गेल्या, आणि पुढे सरदार छत्रपतींना भारी का झाले, याचं एक मोठं कारण या साडेसोळा रुपयांत आहे. धोका सुरुवातीलाच दिसत होता, म्हणून एकाच परगण्यात निरनिराळे हिस्से निरनिराळ्या लोकांना दिले, कुणाला सलग मुलूख मिळू नये म्हणून. त्यातून हिशेब किचकट झाले आणि कारकून मंडळीचं वजन वाढलं. सरदार मात्र फार काळ आवरले नाहीत.

दोन्ही हक्कांचं दुखणंही निराळं. वारशाचा हक्क 'खरा वारस कोण' या प्रश्नावर अडतो. 1727 मध्ये निजामाने नेमकं तेच केलं: शाहू की कोल्हापूरचे संभाजी, हे ठरेपर्यंत पैसे देणार नाही म्हणाला, आणि त्या सबबीखाली चौथाईसुद्धा थांबवली. 1728 मध्ये पालखेडला कोंडीत सापडल्यावर मुंगी शेवगावच्या तहात त्याला दोन्ही हक्क मान्य करावे लागले. चौथाईचं दुखणं सोपं: फौज पोचली नाही की वसूल थांबला.

1719 च्या सनदांतलं 'स्वराज्य', म्हणजे शिवाजी महाराजांचा मूळ मुलूख, हे तिसरंच प्रकरण. तिथे हिश्श्याचा प्रश्न नव्हता. अंमल छत्रपतींचा आणि सगळा वसूलही.

या वाटणीनंतरचे जुने कागद वाचताना बाबती, सहोत्रा, नाडगौडा, मोकासा यांपैकी काही दिसलं तर विषय बहुधा चौथाईचा आहे. सरदेशमुखीचे असे तुकडे पडत नाहीत.