चित्राच्या ओळीची खरी लांबी

पडद्यावर चित्र उभे-आडवे पसरलेले दिसत असले, तरी संगणकाच्या मेमरीत ते बाइटच्या एकाच सलग रांगेत मांडलेले असते. एक ओळ संपली की लगेच दुसरी सुरू, असे धरून नवखा प्रोग्रॅमर ही रांग वाचू लागतो आणि तिथेच चुकतो.

विंडोजवरील 24 बिटी बीएमपी (चित्र साठवण्याचा एक फाइल-प्रकार) चित्र घ्या. प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्राच्या एका ठिपक्याला, निळा, हिरवा आणि लाल या रंगांसाठी एकेक असे 3 बाइट लागतात, म्हणून 101 पिक्सेल रुंदीच्या चित्राची ओळ 303 बाइटची असायला हवी; प्रत्यक्षात ती 304 बाइटची असते, कारण ओळीच्या लांबीला 4 ने पूर्ण भाग गेला पाहिजे असा नियम असून कमी पडलेला बाइट शेवटी भर घालून पुरा केला जातो. भर धरून होणाऱ्या या लांबीला स्ट्राइड म्हणतात.

ती भर विसरली, तर दर ओळीमागे एका बाइटची चूक साचत जाते. दुसऱ्या ओळीच्या पहिल्या पिक्सेलमध्ये निळ्याच्या जागी भरीचा बाइट येतो, हिरव्याच्या जागी निळा आणि लालच्या जागी हिरवा. चौथ्या ओळीत रंग ताळ्यावर येतात, पण तोवर चित्र एक पिक्सेल उजवीकडे सरकलेले असते. सरळ उभा खांब असा तिरका आणि रंगीत पट्ट्यांचा होऊन बसतो. ही चूक बराच काळ लपून राहू शकते, कारण 640, 800, 1024 या नेहमीच्या रुंदींना 4 ने भाग जातो आणि भर लागतच नाही. म्हणूनच चाचणीसाठी विषम रुंदीचे चित्र आवर्जून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पिक्सेलमधील बाइटचा क्रम निळा, हिरवा, लाल असा असतो. तो उलटा धरल्यास कुंकू निळे दिसते आणि हळद आकाशी. शिवाय बीएमपी फाइलमध्ये बहुधा सर्वांत खालची ओळ आधी असते.

डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेत गेटपिक्सेल या आज्ञेने एकेक पिक्सेल मागता येतो खरा, पण 4000 × 3000 च्या छायाचित्रासाठी ते काम 1 कोटी 20 लाख वेळा करावे लागते व प्रोग्रॅम रेंगाळतो. त्याऐवजी लॉकबिट्स ही आज्ञा वापरल्यास पहिल्या ओळीचा मेमरीतील पत्ता आणि स्ट्राइड एकदाच हाती येतात. ओळी खालून वर मांडलेल्या असतील तर हा स्ट्राइड ऋण असतो. तो आहे तसाच पत्त्यात मिळवत गेले, की पुढची ओळ अचूक सापडते.