पाहिलं म्हणजे आलं का?

व्याख्यानाचा व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहताना सगळं ओळखीचं वाटतं. पुढची आकृती कोणती, शिक्षक आता काय म्हणणार, हेही लक्षात असतं आणि विद्यार्थ्याला वाटतं, धडा झाला. फसगत होते ती इथेच. समोर दिसलेलं ओळखणं वेगळं आणि समोर काही नसताना आठवणं वेगळं.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे मोजून दाखवलं. एका गटाने चारही सत्रांत एक उतारा वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तिन्हींत, उतारा न पाहता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पारडं फिरलं: त्यांना साधारण ४० टक्के मुद्दे आठवले, लिहून पाहणाऱ्यांना ६१.

म्हणून महाविद्यालयातली ऑनलाइन प्रश्नमंजुषा मला गुण देण्याच्या साधनापेक्षा शिकवण्याचं साधन वाटते. ती छोटी असावी, गुण नाममात्र असावेत आणि तोच मुद्दा काही दिवसांनी पुन्हा विचारावा. तासाभराचं व्याख्यान जसंच्या तसं अपलोड करण्याने एवढं साधत नाही. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा (म्हणजे व्हिडिओ पाहण्याच्या वेळांचा) अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्म्या वेळा तरी विद्यार्थी सहा मिनिटांच्या आतच उठून गेलेले दिसले.

वर्गात मोबाइलवरून मत नोंदवण्याची पद्धत मात्र मनापासून आवडावी अशी आहे. तिचं मूळ हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांच्या १९९१च्या प्रयोगांत सापडतं. संकल्पनेवर एक प्रश्न, प्रत्येकाचं स्वतंत्र उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद आणि पुन्हा उत्तर. सुरुवातीला बरोबर उत्तरं फारच थोडी आली तर मुद्दा पुन्हा शिकवायचा. जवळपास सगळ्यांची बरोबर आली तर पुढे जायचं. हे पुठ्ठ्याची कार्डं वर धरूनही जमतं. फोनमुळे दोन गोष्टी वाढतात: मोजणी क्षणात होते आणि एरवी कधीच हात वर न करणाराही निर्धास्तपणे उत्तर देतो. त्याच्यासाठी तरी हे करावं.

अडचण एकच, डोक्याला ताण दिलेला तास विद्यार्थ्यांना फसलेला वाटू शकतो. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रश्न सोडवत शिकलेल्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांनीच नोंदवलं. सत्राअखेरीचे अभिप्राय वाचताना शिक्षकांनी हा निकाल शेजारी ठेवावा.