लिटल व्हाइट गर्ल (तैलचित्र)

जन्माने अमेरिकन पण हयातीचा मोठा काळ लंडनमध्ये घालवलेले चित्रकार जेम्स मॅक्नील व्हिसलर (१८३४–१९०३) यांचे १८६४ मधील तैलचित्र. पुढे ते ‘सिंफनी इन व्हाइट, क्र. २’ या नावाने ओळखले जाऊ लागले (सिंफनी म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठीची संगीतरचना). आकाराने लहानच, उंची सुमारे ७६ सेंमी. आणि रुंदी ५१ सेंमी.

चेल्सी भागातील व्हिसलर यांच्या घराचा हा दिवाणखाना. पांढऱ्या मलमलीच्या पायघोळ पोशाखातील तरुणी शेकोटीवरील संगमरवरी फळीला टेकून उभी आहे. डावा हात फळीवर पसरलेला, उजव्या हातात खाली सोडलेला जपानी पंखा. फळीवर निळ्या नक्षीची चिनी मातीची फुलदाणी व शेजारी तांबडे भांडे. खाली कोपऱ्यातून अझेलियाची गुलाबी फुले आत डोकावतात. हे मोजके रंग सोडले, तर चित्रभर पांढराच आहे. पण तो एक पांढरा नव्हे. बाहीवर तो दुधाळ होतो, चुणीत राखाडी, संगमरवरावर थंड. मलमलीतून दंडाची त्वचा जाणवते, ती जागा डोळे जवळ नेऊन पाहावी अशी आहे.

फळीवरच्या आरशात तिचा चेहरा पुन्हा दिसतो, आणि तो वेगळाच वाटतो. समोरची मुद्रा तंद्रीत हरवलेली, निवांत. प्रतिबिंबातली थकलेली, वयाने मोठी, उदास. चित्राचा सारा जीव या दोन चेहऱ्यांमधल्या अंतरात आहे.

ही तरुणी म्हणजे जोआना हिफरनन. तांबूस केसांची ही आयरिश स्त्री व्हिसलर यांची सहचरी होती. दोघांचे लग्न झालेले नव्हते, तरीही फळीवर ठेवलेल्या हाताच्या अनामिकेत अंगठी स्पष्ट दिसते. याच सुमारास व्हिसलर यांची धर्मनिष्ठ आई अमेरिकेहून त्यांच्याकडे राहायला आली आणि जोआनाला ते घर सोडावे लागले. हे कळल्यावर ती अंगठी नुसता दागिना राहत नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रज प्रेक्षकाला चित्रात गोष्ट हवी असे. पत्र कोणाचे, रडणे कशासाठी, शेवटी बोध काय, हे तो शोधी. व्हिसलर यांनी असा धागा हाती दिला नाही. जोआनाचेच त्यांचे आधीचे ‘व्हाइट गर्ल’ लंडनच्या रॉयल ॲकॅडमी या कलासंस्थेने प्रदर्शनासाठी नाकारले होते. ते १८६३ मध्ये पॅरिसला, नाकारलेल्या चित्रांच्या गाजलेल्या प्रदर्शनात लागले. हे दुसरे चित्र मात्र १८६५ मध्ये ॲकॅडमीतच झळकले. तेव्हा चौकटीवर सोनेरी कागदावर छापलेली कवी स्विनबर्न यांची कविता चिकटवलेली होती. एरवी कवितेवरून चित्र निघे; इथे चित्र पाहून कविता सुचली, हे त्या काळात विशेषच.

‘सिंफनी’ हे नाव नंतरचे. रंगसंगती हाच चित्राचा विषय, ही व्हिसलर यांची धारणा त्यातून दिसते. गायक एकाच स्वरावर ठेहरून तो उलगडतो, तसा इथे पांढरा उलगडला आहे. तरीही आरशातल्या त्या चेहऱ्यामुळे हे चित्र केवळ रंगसंगती उरत नाही, आणि व्हिसलर यांच्या पांढऱ्या चित्रांत ते सर्वांत सरस ठरते.

व्हिसलर यांच्यापासून दूर झाल्यावरही जोआनाने त्यांना दुसऱ्या स्त्रीपासून झालेल्या मुलाचा सांभाळ केला. १८८६ मध्ये तिचे निधन झाले. चित्रकार आर्थर स्टड यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये हे चित्र ब्रिटिश राष्ट्राला मिळाले. आज ते लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे.