डिस्क परत पाठवण्याआधी
(जुने अभिजात आणि समांतर चित्रपट घरी पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे परत येणाऱ्या डिस्कसोबत बहुतेक वेळा दोनच तक्रारी असतात. चित्र बारीक दाणेदार दिसतं आणि टीव्हीचा पडदा पूर्ण भरत नाही. डिस्क खरंच खराब असेल तर ती आम्ही बदलून देतोच. पण या दोन गोष्टी बहुधा डिस्क मन लावून बनवल्याच्या खुणा असतात, म्हणून हे पत्रक.

दाणे

फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या क्षारांच्या सूक्ष्म कणांमुळे. कृष्णधवल फिल्म धुतल्यावर चांदीचे कण तिथेच राहतात. रंगीत फिल्ममध्ये चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे पुंजके उरतात. प्रत्येक चौकटीत या कणांची मांडणी निराळी असते, त्यामुळे सेकंदाला 24 चौकटी सरकताना चित्रात हलकी सळसळ दिसते. हाच ग्रेन. धूळ चित्रावर बसते; ग्रेनचं तर चित्र बनलेलं असतं. काही आवृत्त्यांमध्ये तो सॉफ्टवेअरने पुसून काढतात. मग चेहरे मेणाचे वाटू लागतात, कापडाची वीण आणि भिंतीचे पोपडे सपाट होतात. अशा गुळगुळीत आवृत्त्या आम्ही शक्यतो ठेवत नाही. दुसरी मिळतच नसेल तर ठेवतो, पण यादीत तसं लिहितो.

ओरखडे, डाग, थरथरणारी चौकट ही मात्र फिल्मला झालेली खरी इजा. रिस्टोरेशनमध्ये, म्हणजे जुन्या फिल्मच्या डागडुजीत, ती भरून काढतात. वेष्टनावर नुसतं '4के रिस्टोरेशन' (4के म्हणजे चित्राच्या रुंदीत सुमारे 4,000 ठिपके, 2के म्हणजे त्याच्या निम्मे) छापलेलं असलं तर त्यावरून फारसं कळत नाही. स्कॅन कशावरून केलं, हे बघा. मूळ कॅमेरा निगेटिव्हचं, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यात असलेल्या फिल्मचं, 2के स्कॅन हे थिएटरात चालवून झिजलेल्या प्रिंटच्या 4के स्कॅनपेक्षा कितीतरी सरस ठरू शकतं.

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळली. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ पट्ट्या रसायनाने पुन्हा लवचिक केल्या, हाताने सांधल्या आणि जिथे काहीच हाती लागलं नाही तिथे इतर प्रतींचा आधार घेतला. 2015 साली हे चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. त्या डिस्कवर एखाद्या प्रसंगात पोत किंचित बदललेला वाटला, तर त्यामागे हा इतिहास आहे. आम्हाला तो बदल प्रिय आहे.

काळ्या पट्ट्या

बोलपटांच्या पहिल्या काही दशकांतली बरीचशी चित्रं 1.37:1 (रुंदी : उंची) या चौकटीत बांधलेली आहेत आणि आजचा टीव्ही 1.78:1 आहे. साहजिकच दोन्ही बाजूंना काळी जागा उरते. स्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीच्या, चित्रपटात ती वर-खाली येते. कृपया झूम किंवा स्ट्रेच वापरू नका. कुणाला चौकटीच्या कडेला उभं करायचं हे दिग्दर्शकाने ठरवलेलं असतं आणि झूम केलं की नेमकी तीच कड कापली जाते. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद ठेवा. 'फिल्ममेकर मोड' (चित्रपट मुळाप्रमाणे दाखवणारं सेटिंग) असेल तर तोच निवडा.

मागवण्याआधी

ब्लू-रेचे तीन रिजन (विक्रीचे प्रदेश) असतात: अमेरिका आणि जपान ए, युरोप बी, भारत आणि चीन सी. आपला प्लेअर कोणता रिजन वाचतो ते आधी पाहून घ्या. 4के अल्ट्रा एचडी डिस्कला रिजनचं बंधन नाही, पण त्याच खोक्यातल्या साध्या ब्लू-रेला ते असू शकतं. पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर 100 मिनिटांचा चित्रपट 96 मिनिटांत संपतो. 24 चौकटींचा चित्रपट तिथे 25 च्या वेगाने धावतो, काहीही कापलेलं नसतं. सबटायटल कोणत्या भाषेत आहेत तेही वेष्टनावर पाहा.

एवढं करूनही चित्र अडकत असेल किंवा आवाज तुटत असेल, तर डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसून पुन्हा लावा. तरीही तसंच झालं तर चित्रपटाचं नाव, प्लेअरचं मॉडेल आणि कितव्या मिनिटाला अडतं ते कळवा. आमच्याकडची प्रत त्याच मिनिटाला लावून पाहू आणि मग डिस्क बदलून देऊ.