मारिओ मिरांडा यांचे शाईकाम

मारिओ मिरांडा (२ मे १९२६ – ११ डिसेंबर २०११) या गोमंतकीय व्यंगचित्रकाराची काळ्या शाईतील रेखाटने, त्यांची घडण आणि ती पाहण्याची रीत हा या नोंदीचा विषय आहे. मिरांडा यांचा जन्म दमणचा, मूळ घर सासष्टी तालुक्यातील लोटली गावचे आणि कारकिर्दीची बहुतेक वर्षे मुंबईची. १९८८ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण आणि निधनानंतर २०१२ मध्ये पद्मविभूषण असे तीन नागरी सन्मान त्यांना मिळाले. त्यांच्या विनोदाविषयी आणि गोव्यावरील त्यांच्या मायेविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. त्या मानाने त्यांच्या रेषेकडे लक्ष कमी जाते, आणि वेगळेपण तर रेषेतच आहे.

चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांचा विषय इतिहास होता. लहानपणी घराच्या भिंती रंगवून ठेवणाऱ्या या मुलाच्या हाती आईने कोरी वही दिली, आणि तेव्हापासून चित्रांतून रोजनिशी लिहिण्याची सवय जडली. पुढे प्रसिद्ध झालेल्या १९४९ ते १९५१ या वर्षांच्या रोजनिश्यांत गावातले आणि शहरातले दिवस माणसांसह उभे राहतात. त्यांतली रेषा अजून चाचपडणारी आहे, पण एका पानात किती माणसे सहज मावतात याचा अंदाज त्या वयातही पक्का दिसतो. नंतर ‘करंट’ साप्ताहिक, ‘इलस्ट्रेटेड वीकली’ आणि टाइम्स समूहाच्या इतर नियतकालिकांसाठी काम करताना हा हात घडत गेला. मधल्या काळात गुल्बेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर पोर्तुगालमध्ये एक वर्ष आणि त्यानंतर लंडनमध्ये सुमारे पाच वर्षे त्यांनी काढली. रोनाल्ड सर्ल या इंग्रज चित्रकाराच्या टोकदार रेषेचा त्यांच्यावरील प्रभाव सर्वमान्य आहे. मात्र सर्लच्या रेषेतली चरचरीत कडवट छटा मिरांडांच्या प्रौढ कामात उरलेली नाही.

शाईकाम समजून घ्यायचे तर त्या काळची छपाई लक्षात घ्यावी लागते. वर्तमानपत्रात रेखाचित्र छापायचे झाल्यास त्याचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करावा लागे, आणि अशा ब्लॉकला फक्त दोन गोष्टी कळत: काळे आणि पांढरे. शाईत पाणी घालून केलेली फिकट छटा त्यात उतरत नसे. छायाचित्रासाठी ठिपक्यांचा वेगळा ब्लॉक लागे आणि स्वस्त कागदावर त्याचे परिणाम बहुधा मळकट येत. म्हणून करडेपणा हवा असेल तर चित्रकाराला तो रेघांच्या जाळीतून किंवा ठिपक्यांतून निर्माण करावा लागे. शिवाय मूळ चित्र मोठे काढून छपाईच्या वेळी लहान केले जाई. जाळी फार दाट झाली तर लहान होताना रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग पडे, विरळ राहिली तर करडेपणाच हरवे. किती अंतरावर दुसरी रेघ ओढायची हे हाताला कळलेले असणे ही या धंद्यातील खरी विद्या होती.

मिरांडांनी या अडचणीतून काढलेली वाट मोठी मजेदार आहे. त्यांच्या व्यंगचित्रांत सावली जवळजवळ नसते. ऊन कोठून येते हे त्यांच्या चित्रात सहसा सांगता येत नाही, आणि तरीही चित्र कोरडे किंवा पोकळ वाटत नाही, कारण करडेपणाचे काम वस्तूंवरील नक्षीवर सोपवलेले असते. गोव्यातील घराचे चित्र घ्यावे. छपरावर कौलांच्या ओळींवर ओळी अर्धगोल रेघांनी भरतात आणि चित्राचा वरचा भाग आपोआप मध्यम करडा होतो. खिडकीत काचेऐवजी बसवलेल्या शिंपल्यांच्या चौकटीमुळे बारीक चौकड्यांचा पट्टा मिळतो. बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीच्या, जमिनीवरील काळ्या-पांढऱ्या लाद्या सर्वांत गडद. या तीन पोतांच्या मध्ये भिंतीचा चुना पूर्ण कोरा सोडलेला असतो, आणि त्या कोऱ्या जागेवर भाटकार (जमीनदार), पाद्री, छत्री घेतलेली म्हातारी, सायकलवरचा पोदेर (पाववाला) अशी मंडळी उठून दिसतात. लोटलीचे मिरांडांचे जुने घर पाहिलेल्या माणसाला हे सारे प्रत्यक्षातले आहे हे पटेल, पण चित्रातली योजना निव्वळ निरीक्षणाची नाही. ती छापखान्याच्या मर्यादेला दिलेले उत्तर आहे.

दुसरे उदाहरण त्यांच्या कचेरीतील पात्रांचे. मिस फोन्सेका या टंकलेखिकेच्या झग्यावर मोठे ठिपके असतात. ते ठिपके अंगाच्या वळणाबरोबर फारसे वाकत नाहीत. कापड सपाट पसरून त्यावर शरीराची बाह्यरेषा कापून घ्यावी तसे ते दिसतात. शेजारच्या साहेबाचा कोट पूर्ण काळा, कारकून गोडबोल्यांचा सदरा पांढरा. तीन माणसे, तीन पोत. कोण कोणाच्या पुढे उभे आहे हे सावलीशिवाय कळते. मिस निंबूपाणी ही चित्रतारका, बंडलदास हा पुढारी आणि त्याचा साथीदार मूनस्वामी यांनाही वाचक चेहऱ्याइतकाच त्यांच्या ठराविक आकारावरून ओळखतो.

रेषेच्या जाडीत मिरांडा फारसा चढउतार ठेवत नाहीत. टाइम्स समूहातच काम करणाऱ्या आर. के. लक्ष्मण यांच्याशी तुलना केली की हे स्पष्ट होते. लक्ष्मण यांचा कुंचला दाबाप्रमाणे फुगतो, निमुळता होतो आणि एकाच फटकाऱ्यात धोतराचा सोगा, त्याची घडी आणि तिची सावली सांगून जातो. तेथे नजर एका मुख्य माणसावर खिळते. मिरांडांची रेषा समान असल्यामुळे तिच्यात कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही. लग्नातला नवरदेव आणि टेबलाखालचे कुत्रे यांना सारख्याच काळजीची रेघ मिळते. गर्दीची त्यांची चित्रे त्यामुळे एका दृष्टिक्षेपात संपत नाहीत, आणि ती घाईने पाहणाऱ्याला गजबजाट वाटण्याचे कारणही हेच. अशा वेळी एका कोपऱ्यातून सुरुवात करून, कोऱ्या सोडलेल्या जागांवर थांबत, पान वाचल्यासारखे पुढे जावे. कावळा, मांजर, भांडणारे जोडपे हे बहुधा कडेलाच भेटतात.

याचा अर्थ जाळीच्या रेघा त्यांना वर्ज्य होत्या असा नाही. परदेश प्रवासातील नगरदृश्यांत, विशेषतः जर्मनी आणि पॅरिस येथील रेखाटनांत, उभ्या-आडव्या रेघांची घट्ट वीण आहे. जुन्या इमारतींचे दगड, ओले रस्ते आणि हिवाळ्यातले आकाश त्यांनी हजारो बारीक रेघांनी विणले आहे. येथे विनोद मागे पडतो आणि वास्तुकलेची ओढ पुढे येते. तंत्राच्या दृष्टीने हे त्यांचे सर्वांत कष्टाचे काम होय. तरीही लोटलीच्या छपरांवरील साध्या अर्धगोल रेघांत जो मोकळा श्वास आहे तो या दाट विणीत क्वचितच सापडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मनोहर माळगांवकर यांच्या गोव्यावरील इंग्रजी पुस्तकासाठी काढलेली चित्रे या दोन रीतींच्या मध्ये कोठेतरी बसतात.

आज गोव्यात ही चित्रे सर्वत्र दिसतात. पणजीच्या बाजार इमारतीच्या भिंतींवर ती मोठ्या आकारात आहेत, मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर आहेत, आणि कप, लाद्या, पिशव्या यांवरून ती पर्यटकांबरोबर जगभर गेली आहेत. पर्वरीजवळ तोर्डा येथे वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी मिरांडांच्या चित्रांचा संग्रह जपून तो कलादालनात मांडला आहे. लोकप्रियतेची ही वाट स्वागतार्ह असली तरी शाईकामाला तिची किंमत मोजावी लागते. वितीएवढ्या छपाईसाठी बेतलेली रेघ भिंतीवर पुरुषभर उंचीची झाली की रेघांमधील पांढरी जागा रिकामी भासू लागते, आणि पोतांत रंग भरला की कौले, चौकड्या व ठिपके यांनी जपलेला करड्याचा तोल नाहीसा होतो. पात्र ओळखू येते, चित्रकाराचा हात ओळखू येत नाही. म्हणून शक्य तेथे मूळ आकाराच्या जवळची काळी-पांढरी प्रत पाहावी.

२ मे २०१६ रोजी, मिरांडांच्या नव्वदाव्या जयंतीला, गूगलच्या मुखपृष्ठावर त्यांच्या शैलीतील एक चित्र आले. ते आरोन रेनिए या अमेरिकन चित्रकथाकाराने काढले होते. विषय पावसातली गर्दी. माणसे एकमेकांवर सपाट रचलेली, आडव्यातिडव्या नजरा, आणि वरच्या कोपऱ्यात खिडकीशी बसून हे सारे रेखाटणारे मारिओ.