पदवीवर ‘थीम पार्क’ छापलेलं नसलं तरी चालतं

बारावीचा निकाल लागला की साताऱ्या-सांगलीत एक समज दरवर्षी नव्याने फिरतो: थीम पार्कमध्ये अधिकारी व्हायचं तर पदवीच्या नावातच ‘थीम पार्क’ हवं आणि ती अमेरिकेतच मिळते. यातला दुसरा भाग पूर्ण हवेतला नाही. ऑरलँडोत युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाचं रोझेन कॉलेज हा विषय खास शिकवतं, आणि डिस्ने वर्ल्डही तिथून जवळच. पण ती वाट सक्तीची आहे, हे कुणी ठरवलं?

पार्कचं रोजचं काम म्हणजे तिकीटखिडकी, रांगा, खानपान, सुट्टीच्या दिवसांतली हंगामी माणसं, हरवलेली मुलं आणि पाऊस आल्यावर चिडलेले पाहुणे. यातलं बरंचसं हॉटेल मॅनेजमेंटच्या साध्या पदवीत शिकायला मिळतं. (‘म्हणजे आचारी होणार?’ असं विचारणारे काका प्रत्येक घरात असतात.) सरकारी आयएचएमच्या, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट संस्थांच्या, प्रवेशपरीक्षेला शाखेची अट नाही; बारावीला इंग्रजी विषय मात्र लागतो.

कॉलेज बघायला गेलात की चकचकीत लॉबी सोडा आणि मागच्या बॅचची मुलं इंडस्ट्रियल ट्रेनिंगला नेमकी कुठे गेली, त्यांची यादी मागा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ एवढंच उत्तर आलं तर मी तरी तिथे पैसे भरणार नाही. खोपोलीचं इमॅजिका २०१३ पासून सुरू आहे. तिथल्यासारख्या पार्कात ट्रेनिंग मिळतं का, हे थेट विचारा.

आणि ओढ पाळण्यांच्या यंत्रांची असेल तर हॉटेल मॅनेजमेंट नकोच. त्यासाठी मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, म्हणजे सांगलीकरांना घरचं वालचंद कॉलेज आहेच.